ब्रेकवरचा पाय

महाड, २२ जून २००३

प्रिय इरू,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. शाळा चालू आहे. मी बोलते आणि दहावीतली एक मुलगी फळ्यावर लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, असं वर्गाचं मत पडलंय.

फोन का करत नाही, म्हणून रागावू नकोस. फोन बैठकीत आहे आणि बाबाही हल्ली दिवसभर बैठकीतच असतात. वरंधच्या बाजूने आजारी गुरांसाठी बोलावणी येतात, पण ते जात नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात.

एक विचारायचं होतं. तू तिथे ब्रेकच्या ज्या पेट्या तपासतेस, त्या बिघडतात का? म्हणजे ऐन वेळी, पाऊस असताना वगैरे? सहज विचारतेय. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मुलांना काहीतरी सांगायचंय.

पाऊस बरा आहे. जेवत जा.

तुझी आई

महाड, ६ जुलै २००३

प्रिय इरू,

तुझं पत्र आलं. "आई, जिना आणि ब्रेक एकाच पत्रात कसे आले, ते आधी सांग." एवढी एकच ओळ लिहायला तू पन्नास पैशांचं कार्ड वापरलंस आणि पोस्टमनने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. आता लपवण्यात अर्थ नाही.

जिना नव्हता, गाडी होती. चौदा जूनला पोलादपूरला एका मुंजीला गेलो होतो. परतताना दुपारीच अंधारून आलं आणि मुसळधार सुरू झाला. बाबा हळू चालवत होते. एका वळणापलीकडे रस्त्यात गुरं बसलेली. बाबांनी ब्रेक दाबला आणि खालून खडखड-खडखड असा आवाज सुरू झाला. दगडांवरून पत्रा ओढत न्यावा, तसा. बाबा ओरडले, "ब्रेक तुटला!" गाडी पुढे जातच राहिली. त्यांनी उजवीकडे कापलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर चढलो. माझा हात समोर आपटला. गुरं जागची उठलीसुद्धा नाहीत.

बाबांना खरचटलंही नाही. म्हणूनच त्यांना जास्त लागलंय, असं मला वाटतं. माझ्या प्लास्टरकडे ते बघत नाहीत. चहा मात्र स्वतः करून आणतात. त्यात साखर दोनदा पडते आणि मी तो तसाच पिते.

आता दुसरी गोष्ट. ही तुला सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. गेल्या वर्षी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा शोरूमवाला म्हणाला, साधी गाडी उद्या घेऊन जा. बाबांनी विचारलं, "त्यात ते एबीएस आहे का?" म्हणजे तुझी ती ब्रेकची पेटी. तो म्हणाला, त्याला थांबावं लागेल. बाबा थांबले. चार महिने एस.टी.ने गावोगाव फिरले, पण थांबले. मला म्हणाले, घाटातल्या रस्त्याला बरं असतं. तुझं नाव काढलं नाही. पण इरू, महाडात त्या वेळी एबीएस म्हणजे काय हे किती जणांना ठाऊक होतं? तू पहिल्या नोकरीच्या वेळी घरी सांगितलं होतंस, तेवढंच त्यांना ठाऊक होतं.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "लग्न ठरलं, पत्रिका छापल्या, तेव्हा तिने माझा शब्द ठेवला नाही. आणि मी तिच्या कामावर भरवसा ठेवून तुला गाडीत बसवली."

मी त्यांना म्हटलं, तिने तुमचा शब्द मोडला, कारण त्या मुलाकडच्या लोकांना तिची नोकरी सोडवायची होती. तीन वर्षांत मी पहिल्यांदा एवढं स्पष्ट बोलले. ते उठून गोठ्याकडे गेले. आपल्याकडे गोठा आहे, पण गाय नाही, हे तुला माहीत आहेच. बराच वेळ तिथे उभे होते.

तर खरं सांग. तुमची पेटी बिघडते का? चूक तुमच्या कारखान्याची असली तरी सांग. मी ऐकून घेईन.

आई

महाड, २७ जुलै २००३

प्रिय इरू,

बोटं आता मोकळी आहेत, पेन धरता येतं.

तुझं लांबलचक पत्र मी दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा बैठकीत मोठ्याने. बाबा पेपर धरून बसले होते. मी काय समजले ते लिहिते, चुकलं तर सांग.

प्रत्येक चाकापाशी दातेरी कडं असतं आणि त्याला चिकटून एक छोटा पहारेकरी. चाक किती वेगाने फिरतंय, हे तो तारेतून पेटीला कळवत राहतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की एखादं चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरतं. घसरणारं चाक वळत नाही. हे मला लगेच पटलं. शेवाळलेल्या अंगणात पाय सटकला की तुळशीकडे वळायचं म्हटलं तरी आपण विहिरीकडेच जातो. चाक थांबायला आलं की पेटीला आधीच कळतं. ती त्या चाकावरचा ब्रेकचा दाब थोडा सोडते, चाक पुन्हा फिरतं, ती पुन्हा दाबते. सेकंदाला दहा-पंधरा वेळा. तिच्या झडपा उघडमीट करतात, पंप तेल मागे ढकलतो, आणि तोच धक्का पायाला लागतो.

म्हणजे ती खडखड हे ब्रेक तुटल्याचं लक्षण नव्हतंच. ब्रेक काम करत होता.

तू पुढे लिहिलंस, "बाबांनी त्या वेळी पाय उचलला का, एवढं विचार." हे वाक्य मी वाचलं आणि थांबले. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"उचलणारच," म्हणाले. "तीस वर्षं गुरांच्या दवाखान्याची सरकारी जीप चालवली. पावसात ब्रेक दाबून धरायचा नाही. दाब-सोड, दाब-सोड. नाहीतर जीप दरीत. हे मला येत होतं म्हणून मी जिवंत आहे. तिला विचार, ते चूक होतं का?"

तीन वर्षांनी त्यांनी तुला प्रश्न विचारलाय. माझ्यामार्फत का होईना. उत्तर नीट विचार करून लिही.

दुसरं काम. अपघातापासून गाडीत एक पिवळा दिवा सारखा लागलेला असतो. बाबा म्हणतात, बघा, पेटी मेलीच आहे. तू लिहिलंस की पेटी स्वतःला तपासते, एखादी खबर मिळाली नाही की दिवा लावून बाजूला होते आणि साधा ब्रेक त्याचं काम करत राहतो. मी बिरवाडीच्या दत्ताराम मेस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, त्या दिव्याचा बल्बच काढतो. दिसला नाय की तरास नाय." मी म्हटलं, "दत्ताराम, माझ्या मुलीने सांगितलंय, दिवा विझत नसेल तर आधी चाकांमागच्या तारा बघायच्या." त्याने पुढचं डावं चाक काढलं. आत चिखलाचा गोळा आणि त्याच्या मागे तारेची जोडणी निसटलेली. त्याने पुसून घट्ट बसवली. आता चावी फिरवली की दिवा लागतो आणि लगेच विझतो.

दत्ताराम म्हणाला, "ताई पुण्यातनं कसं काय बघते?" बाबा खिडकीत उभे होते. दत्ताराम जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.

आई

महाड, २४ ऑगस्ट २००३

प्रिय इरू,

प्लास्टर निघालं. हे अक्षर ओळखीचं वाटेल.

तुझं उत्तर मी बाबांच्या हातातच दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "बाबांचं बरोबर होतं. जीपला तेच लागतं. चांगला ड्रायव्हर पायाने जे करतो, तेच ही पेटी करते. फरक एवढाच की पायाने चारही चाकं एकदम सुटतात. पेटीला घसरणारं एकच चाक सोडता येतं. या गाडीत सोडायचं काम तिचं. बाबांनी फक्त दाबून धरायचं आणि वळवायचं." त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "पटतंय." मग थोड्या वेळाने, "पण पायाला कोण पटवणार?"

गाडी तरीही अंगणातच होती. ती बाहेर निघाली रंगूबाईमुळे. वरंधची रंगूबाई, बाबांना राखी बांधते ती. एका सकाळी दुधाच्या टेम्पोतून उतरली आणि दारातूनच बोलायला लागली.

"डाक्टर, म्हस अडलीय. पाय भायेर आलाय नि डोकां मागं वळलांय. चला."

"गुडघा दुखतोय गं. दुसऱ्या डॉक्टरांना ने."

"दुसरा डाक्टर पनवेलला लग्नाला गेलाय. तुमचा गुडघा नाय दुखत, मला सगला म्हायती हाय. तुमी म्हशीच्या लाथेला कधी भ्याला नाय नि लोखंडाला भ्याताय?"

बाबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. पण आत गेले, बॅग घेतली आणि टेम्पोत दुधाच्या कॅनच्या गर्दीत जाऊन बसले. संध्याकाळी शेणाने माखून आले. पारडी झाली. दोघी बऱ्या आहेत. जेवताना म्हणाले, "टेम्पो वाटेत दोनदा थांबला. अजून उशीर झाला असता तर म्हैस गेली असती." मग म्हणाले, "रविवारी एमआयडीसीच्या रस्त्यावर जाऊ. तिथे कोणी नसतं."

कोणी नसतं कसलं! कारखान्याची पाळी सुटली होती आणि बिरवाडीला खोल्या घेऊन राहणारी मुलं चहाच्या टपरीवर उभी होती. पाऊस पडून रस्ता ओला, रुंद, सरळ. तू लिहिलं होतंस तशी गाडी थोड्या वेगात न्यायची आणि एकदम ब्रेक दाबायचा. बाबांनी दाबला, खडखड झाली आणि पाय वर. पुन्हा. पुन्हा पाय वर. टपरीवरची मुलं हसत होती. बाबांच्या कपाळावर घाम. "डोक्याला कळतं गं," म्हणाले, "पायाला कळत नाही. तीस वर्षांचा पाय आहे."

मी म्हटलं, "मी बसून बघू?"

का म्हटलं, मलाही माहीत नाही. सायकलपलीकडे मी काही चालवलेलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग दार उघडून उतरले आणि माझ्या बाजूला येऊन बसले. क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाली. कारखान्याच्या भिंतीपर्यंत गेलो, वळलो, मी वेग घेतला, बाबा म्हणाले "आता!" आणि मी दोन्ही पाय दाबले. गाडी पायाखाली थरथरली आणि मी दाबूनच ठेवलं. मला सोडायची सवयच नाही, तर मी सोडू कशाला? चाक वळवलं, गाडी वळली आणि थांबली.

टपरीवर टाळ्या पडल्या. एक मुलगा ओरडला, "काकी, एकदम फिल्मी!" बाबा हसले, इरू. जूननंतर पहिल्यांदा.

परवा पेणला जाऊन शिकाऊ लायसन काढलं. तिथल्या माणसाने वय वाचून पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बावन्नच लिहिलंय, बरोबर आहे.

आई

महाड, २८ सप्टेंबर २००३

प्रिय इरू,

घाईत लिहितेय. लायसन मिळालं, पक्कं. आता वरंधला, बिरवाडीला मी बाबांना नेते. शाळा सुटली की दोन-तीन गावं होतात. बाबा शेजारी बसून सारखे सांगतात, हॉर्न दे, बाजूला घे, गिअर टाक. मी त्यांना सांगितलंय की मी वर्गात असं बोलणाऱ्याला बाहेर उभं करते.

पण त्यांचं मन लागत नाही. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत त्यांनी जन्म काढलेला नाही. दोनदा स्वतः चालवून बघितली. कोरड्या रस्त्यावर ठीक. पाऊस आला की गाडी बाजूला घेतात आणि मला म्हणतात, तू ये. तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही.

तू पत्राच्या तळाला लिहिलंयस, "बाबांना म्हणावं, दसऱ्याला इकडे या. मी शेजारी बसते." मी ते वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दत्तारामकडे नेऊन चारही चाकांत हवा भरून आणली. बोनेट उघडून तेलही बघायला लावलं. दत्तारामला म्हणाले, "घाट चढायचाय."

मी कुठला घाट ते विचारलं नाही. शनिवारी निघतो. जेवण ठेव.

आई

महाड, १२ ऑक्टोबर २००३

प्रिय इरू,

तू म्हणशील, आत्ताच तर भेटलो, आता कसलं पत्र? पण काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत. त्या सांगते.

वरंधचा घाट मी चढवला. पहिल्या वळणावर माझ्या तळहाताला इतका घाम आला की साडीला पुसावा लागला. शिरवळच्या रस्त्याला लागेपर्यंत बाबांचा शर्टच्या वरच्या बटणाशी चाळा चालू होता. मला वाटलं, माझ्या गाडी चालवण्याची भीती वाटतेय. मग कळलं, तुझी वाटतेय. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "काय बोलायचं असतं अशा वेळी?" मी म्हटलं, "काही नका बोलू. उतरा."

तू फाटकात आलीस आणि त्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावायची?" आणि तू म्हणालीस, "जरा मागे घ्या, तिथे खड्डा आहे." तीन वर्षं मी मनात दोघांसाठी संवाद लिहीत होते. एकही उपयोगाला आला नाही.

दसऱ्याच्या सकाळी तू त्यांना त्या रिकाम्या रस्त्यावर नेलंस. रात्रीच्या पावसाने सगळं ओलं होतं. मी मागे बसले होते, म्हणून तुला जे दिसलं नाही ते मला आरशात दिसलं. पहिल्यांदा त्यांनी पाय उचलला. दुसऱ्यांदा उचलला. तू "परत" म्हणालीस, ओरडली नाहीस. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रेक दाबला, खडखड सुरू झाली आणि तू आडवी होऊन त्यांच्या उजव्या गुडघ्यावर तळहात दाबून धरलास. "बाबा, सोडू नका. सोडू नका. ते धरतंय."

तू रस्त्याकडे बघत होतीस. बाबा तुझ्या हाताकडे बघत होते. गाडी थांबली, खडखड थांबली, पण तुझा हात तिथेच होता आणि त्यांचा पायही. त्यांचे डोळे भरले. तुला कळू नये म्हणून त्यांनी वायपर लावला. पाऊस नव्हता. तू म्हणालीस, "काच कोरडी आहे, बाबा." मी मागे तोंडावर पदर धरला.

पुढच्या वेळी तू हात ठेवला नाहीस आणि त्यांनी पाय ठेवला.

परत येताना भोरच्या पुढे त्यांनी गाडी चालवायला मागितली. घाट त्यांनी उतरवला. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने नुसतं विचारलं, "कुठनं येताय?" बाबा म्हणाले, "पुण्याहून. मुलीकडे गेलो होतो." आणि थांबलेच नाहीत. "माझी मुलगी गाड्यांच्या ब्रेकची पेटी तपासते. घसरणारं चाक ती पेटी बरोब्बर ओळखते. सेकंदाला शंभर वेळा दाबते-सोडते." टपरीवाला भजी तळायचा थांबला. "शंभर?" म्हणाला. बाबा म्हणाले, "शंभर." मी भजी खात राहिले. दहा-पंधराचं मी काही बोलले नाही.

आता दिवाळीचं. वसुबारसेला बाबांना गावागावांतून गायी बघायला बोलावतात, त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही घरी नसतो. तरी तू त्या दिवशीच ये. दुपारच्या एस.टी.ने निघालीस तर पाच वाजेपर्यंत पोचशील. स्टँडवर तुला घ्यायला कोण येणार, यावरून इथे कालपासून भांडण चाललंय. बाबा म्हणतात मी जातो, मी म्हणते गाडी मी चालवणार. शेवटी दोघांनीही यायचं ठरलंय. रंगूबाईचा निरोप आहे, तू आलीस की पारडी बघायला यायचं. तिने पारडीला कुणाचं नाव दिलंय, ते ऐकून तू चिडशील. म्हणून इथे लिहीत नाही.

घरी ये.

तुझी आई